टोऱ्या कोणाच्या मागे धावायचा?

मित्रांनो, घटकाभर डोळे मिटा. समजा, तुम्हाला हात नाहीत, पाय नाहीत, तोंडही नाही. आहे ते फक्त एक गोल, खोलगट पोट. कोणी त्यात जे ठेवील ते सांभाळायचे, एवढेच तुमचे काम. जमले? मग तुम्ही आता माझ्यासारखे झालात. मी एक जुनी बांबूची टोपली आहे.

एका बुरडाने मला विणले आणि नीलाबाईंनी कुरखेड्याच्या बाजारातून घरी आणले. दर उन्हाळ्यात मी त्यांच्या डोक्यावर बसून पहाटे रानात जाई आणि मोहफुलांनी भरून परत येई. "लय वर्षं टिकली माही टोपली," असे त्या म्हणाल्या, की माझी सैल झालेली वीणसुद्धा ताठ होई.

मागच्या हिवाळ्यात शेजारच्या पत्रूभाऊंच्या गावठी कुत्रीला पिल्ले झाली. बाप कोणी जातिवंत पाहुणा असावा, कारण एका पिल्लाचा डावा कान उभा होता आणि उजवा लोंबत होता. नीलाबाईंच्या नऊ वर्षांच्या दिव्यानीने नेमके तेच घरी आणले. मोहाच्या बीला आमच्याकडे टोरी म्हणतात. तिच्यासारखा तपकिरी, म्हणून तो टोऱ्या. हिवाळ्यात मला काम नव्हते. दिव्यानीने माझ्यात पोते अंथरले आणि टोऱ्याला ठेवले. पहिले दोन दिवस तो आईसाठी कुईकुई करीत राहिला. तिसऱ्या दिवशी माझ्या काठावर हनुवटी टेकवून झोपी गेला.

दिव्यानी त्याला रोज शिकवी. भाताची एक मूद हातात धरायची, "बस" म्हणायचे आणि तो बसेपर्यंत वाट पाहायची. मारायचे नाही, ओरडायचे नाही. कुंपणापलीकडून पत्रूभाऊ चिडवीत, "काऊन दिव्यानी, याले पुढच्या वर्षी पहिलीत टाकतं का?"

"तुमच्या कोंबड्यायच्या मांगं नाई धावत ना आता? मंग!" ती ठसक्यात म्हणे.

फाल्गुन संपला, मोह टपकू लागला. नीलाबाईंनी पोते काढून मला झटकले आणि डोक्यावर घेतले. पाहते तर काय, टोऱ्या मागे मागे रानात! आमच्या रानात बिबट्या आहे. कुत्रा त्याला दिसला, की तो कुत्र्यावर येतो, आणि घाबरलेला कुत्रा पळत येतो तो माणसांकडेच.

नीलाबाई फुले न वेचताच परतल्या. "चार दिवस आहेत तुले," त्या दिव्यानीला म्हणाल्या. "घरी राह्यला त राह्यला. नाई त रविवारी मामा येईन, तो याले राजुऱ्याले घेऊन जाईन."

दिव्यानीने त्याला दोरीने बांधले. त्याने दोरी चावून तोडली. तिसऱ्या दिवशी ती स्वतः घरी थांबली आणि त्याला जवळ घेऊन बसली. तरी तो तिच्या हातातून निसटला आणि आमच्या मागे धावला. "त्याले मी आवडतच नाई," म्हणत ती हुंदके देऊन रडली. मला सारे ठाऊक होते, मित्रांनो! पण टोपलीला तोंड कुठून येणार?

त्या दुपारी नीलाबाई विळा घेऊन शेताकडे निघाल्या. टोऱ्या जागचा हललाही नाही. रडता रडता दिव्यानी थांबली. तिने मला उचलून डोक्यावर घेतले आणि फाटकाकडे चार पावले टाकली. टोऱ्या ताडकन उठला. ती विहिरीकडे वळली, तोही वळला.

"आई! तो आपल्या मांगं नाई येत! टोपलीच्या मांगं येते! त्याचं घर उचलून नेतो ना आपण!"

नीलाबाईंनी कपाळाला हात लावला. "मंग मोहा का पदरात आणू?"

"जुन्या लुगड्यात बांधून आण. उद्याच्या दिवस पाह्य ना, आई."

चौथ्या पहाटे मायलेकी लुगडे घेऊन निघाल्या. मी अंगणात, माझ्यात टोऱ्या. "थांब," दिव्यानी म्हणाली. त्याचा एक पाय माझ्या काठाबाहेर आला. तिने मागे वळून पाहिले नाही. पाय तसाच राहिला, मग हळूच आत गेला. त्या परतल्या तेव्हा तो घोरत होता. रविवारी मामा आले आणि जेवून रिकाम्या हातांनी गेले.

मित्रांनो, मुके जनावर ऐकत नाही असे वाटले, तर हात उगारण्याआधी ते कशासाठी धावते आहे ते पाहा. आता रान मला दुरावले, असे मी धरून चालले होते. थोडे वाईट वाटत होते, पण पोटात ऊब होती.

त्या संध्याकाळी दिव्यानी माझ्याजवळ आली. "बिचारी टोपली! हिले बी त रानात जायाचं असन," ती आईला म्हणाली. तिने मला डोक्यावर घेतले, टोऱ्याला "बस" म्हटले आणि फाटकाबाहेर गेली. दहा आकडे मोजले. परत येऊन मला जागेवर ठेवले, त्याला भाताची मूद दिली आणि म्हणाली, "पाह्य, आली ना टोपली परत?"

दुसऱ्या दिवशी तिने वीस मोजले.