हिरव्या गाडीची टकटक

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हतं, पण गॅरेजच्या पाटीवरचं नाव गिऱ्हाइकांनी कधी नीट वाचलंच नव्हतं. गेल्या अडतीस वर्षांत त्यानं कानांनी जेवढे दोष शोधले, तेवढे डोळ्यांनी शोधले नसतील. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि अर्ध्या मिनिटात सांगायचं, "पंपाचं बेअरिंग." लोक आ वासून बघत. त्याची अट एकच असे: तो गाडी चालवून ऐकत असताना आत दुसरं कोणी नको. "गिऱ्हाईक शेजारी बसलं की गाडीपेक्षा गिऱ्हाइकाचाच आवाज जास्त येतो," असं तो म्हणे, आणि ते खोटंही नव्हतं.

आता मात्र दोन आठवडे तो एका गाडीपाशी अडला होता. दारात उभी असलेली हिरवी गाडी म्हणे टकटक करत होती, आणि ती टकटक त्याला ऐकू येत नव्हती.

गाडी दातांच्या डॉक्टरीणबाई घेऊन येत, पण खरी मालकी त्यांच्या सासूबाईंची. सासऱ्यांनी तरुणपणी हौसेनं घेतलेली ही बुटकी, कापडी टपाची, दोनच सीटची स्पोर्ट्स कार आता पंचेचाळीस वर्षांची झाली होती. सासरे गेल्यावर ती विकायची नाही असं सासूबाईंनी ठणकावून सांगितलं, आणि दर गुरुवारी सुनेनं त्यांना तिच्यातून फिरवून आणायचं असा शिरस्ताच पडला. एरवी ती झाकलेली असे. दोन महिन्यांपूर्वी तिला दुसरीकडून नवा रंग देऊन आणला होता, त्यामुळे ती आता दिसायला सुनेपेक्षाही तरुण होती.

पहिल्या खेपेला दोघी मिळूनच आल्या होत्या.

"मागून येतो आवाज," सासूबाई म्हणाल्या. अंगानं भक्कम बाई. त्या बुटक्या गाडीतून बाहेर येताना त्यांनी आधी पाय, मग काठी, मग स्वतःला असं टप्प्याटप्प्यानं उतरवलं होतं. "कुणीतरी बोटानं दार वाजवावं तसा."

"बघतो, आजी."

"आजी कोणाला म्हणता? तुम्हीही काही काल जन्मलेले नाही."

"आई!" सून हसत म्हणाली. "काका, मी बसू का शेजारी? आला की लगेच दाखवते."

"नको, डॉक्टर. ऐकायचं काम एकट्याचं."

तो एकटा गेला. सरळ रस्ता झाला, चढ झाला, खड्ड्यांची गल्ली झाली. त्यानं काचा खाली केल्या, वर केल्या, भिंतीच्या अगदी कडेनं गाडी नेली, म्हणजे आवाज भिंतीवर आपटून परत येईल. इंजिन गात होतं, टप फडफडत होता. टकटक नव्हती.

परत आला तेव्हा दोघी त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या, तो एकसष्टचा. गेल्याच आठवड्यात दाराची बेल वाजवून वाजवून पाहुणे परत गेले होते, आणि तो आतच बसलेला होता. ते त्याला आठवलं, आणि तो पटकन म्हणाला, "येतोय, येतोय. घरघर आहे जरा. सायलेन्सर ढिला असणार."

न ऐकलेला आवाज ऐकला असं अडतीस वर्षांत तो पहिल्यांदाच म्हणाला होता.

सायलेन्सरच्या पट्ट्या त्यानं आवळल्या. गाडी पुढच्या गुरुवारी परत आली. मग त्यानं ती लिफ्टवर चढवून मागचा सगळा भाग हातानं हलवून पाहिला, चाकं फिरवली, बेअरिंगना ग्रीस भरलं. चाकं लोण्यासारखी फिरत होती. गाडी त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा दारात. डॉक्टरीणबाईंनी किल्ली त्याच्या हातात ठेवली. "दोन दिवस ठेवून घ्या, काका," एवढंच म्हणाल्या. ते मऊ बोलणं त्याला शिवीपेक्षा लागलं.

कान गेले तर आपल्याकडे उरतं काय, याचा हिशोब तो शुक्रवारी सकाळपासून करत बसला होता. पान्यानं नट आवळणारे गावभर होते. कान लावणारा तो एकटाच.

त्याची बायको गॅरेजच्या वरच्या खोलीत गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. दुपारी ती जिना उतरून खाली आली.

"जेवायला हाक मारली. दोनदा."

"ऐकली नाही."

"ते दिसतंच आहे."

"नाही गं, खरंच ऐकली नाही." तो स्टुलावर बसला आणि हातातल्या फडक्याची घडी घालत राहिला. "ह्या गाडीचा आवाज मला येत नाही. एकदाही आला नाही. येतोय म्हणून मी त्यांना खोटं सांगितलं."

ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. गाडीकडे बघत म्हणाली, "मग आता?"

"आता तू चल. अर्धा तास तुझे कान दे. कुठून येतो ते तू सांग, पुढचं मी बघतो. बाहेर कुणाला कळायला नको."

"पस्तीस वर्षांत एकदा शेजारी बसवलं नाहीत, आणि आता कान उसने हवेत होय?" पण ती तोवर पदराला चिकटलेले दोरे झटकायला लागली होती. "थांबा, चप्पल घालून येते."

बसताना तिचीही सासूबाईंसारखीच तारांबळ उडाली. "ही सीट आहे की घमेलं?" म्हणत ती एकदाची आत रुतली. गाडी रस्त्याला लागली. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणाला टक् झालं.

त्यानं स्टिअरिंग घट्ट धरलं. पुन्हा टक्. मग टक्, टक्, टक्; मागून, शेजारच्या सीटच्या बाजूनं, बोटानं दार वाजवावं तसं.

"आला!" ती म्हणाली.

"गप्प! बोलू नकोस." मनात असलं की कानात वाजतं, हे त्याला ठाऊक होतं. भीतीनं ऐकू येईनासं होतं तसं इच्छेनं ऐकूही येतं. "आवाज कसा आहे ते सांगू नकोस. तुला ऐकू येईल तसा गुडघ्यावर हात मार. मी इथे बोट आपटतो. एकमेकांकडे बघायचं नाही. आणि मधेच थांबला तर तूही थांबायचं."

ती समोर बघत गुडघ्यावर हात मारायला लागली. तो समोर बघत स्टिअरिंगवर बोट आपटायला लागला. वीस-पंचवीस टकांनंतर त्यानं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. तिचा हात आणि त्याचं बोट एकाच वेळी खाली येत होतं. डावं-उजवं वळण आलं, आवाज मधे तुटला, आणि दोघांचेही हात हवेत थांबले.

त्यानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं.

"येतोय ना तुम्हाला?" तिनं विचारलं.

"स्वच्छ."

"मग रडताय कशाला?"

"रडत नाहीये. घाम आहे," तो म्हणाला, आणि डोळ्यांवरचा घाम त्यानं पुसला. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, हे त्याला एवढ्या वयात पहिल्यांदा कळत होतं.

पण मग इतके दिवस का नाही? आता हा प्रश्न भीतीचा राहिला नव्हता, कामाचा झाला होता, आणि कामाच्या प्रश्नापुढे तो मोकळा होत असे. त्यानं गाडी पुन्हा रस्त्याला लावली आणि वेगात असताना क्लच दाबला. इंजिन मंदावलं, टकटक होती तशीच राहिली. म्हणजे दोष इंजिनात नाही, चाकाकडे आहे. ब्रेक लावून वेग निम्मा केला, टकटकही निम्मी झाली. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला एक टक्. मग त्यानं बायकोला पानाच्या टपरीपाशी उतरवलं आणि एकटाच तोच रस्ता पुन्हा गेला.

आवाज गायब.

परत येऊन त्यानं तिला बसवलं. टक्, टक्, टक्.

"म्हणजे मी वाजते?" ती म्हणाली.

"तू नाही गं. तुझं वजन वाजतं."

"वा! हे ऐकायला पस्तीस वर्षं थांबले होते मी."

गॅरेजात आल्यावर त्यानं खात्री करायची म्हणून सीटवर तीन जुन्या बॅटऱ्या रचल्या आणि आणखी एक फेरी मारली. आवाज आला. बायको जिन्यावर उभी राहून ते बघत होती. "चला, माझ्या जागी तीन बॅटऱ्या चालतात हेही कळलं," ती म्हणाली.

त्यानं गाडी लिफ्टवर चढवली नाही. तीच तर चूक होती: लिफ्टवर गाडी अधांतरी असते, चाकं खाली लोंबतात आणि चाकावरच्या कमानीत चार बोटं जागा दिसते. बॅटऱ्या तशाच ठेवून तो जमिनीवर पालथा पडला आणि टॉर्च घेऊन चाकाच्या आत सरकला. शेजारच्या बाजूची मागची जुनी स्प्रिंग वजनानं दबून कमान खाली आली होती. कमानीच्या आतल्या पत्र्याला एक नवाकोरा बोल्ट होता. रंगवताना पत्रा काढणाऱ्यानं परत बसवताना लांब बोल्ट वापरला होता, चांगला बोटाच्या दोन पेरांएवढा लांब. त्याचं टोक टायरच्या आतल्या बाजूपासून जेमतेम एका कागदाच्या अंतरावर होतं. चाक किंचित वाकडं असल्यानं फेऱ्यातून एकदा तिथला फुगवटा त्या टोकाला लागत होता. टायरवर चंद्रकोरीसारखी चकचकीत रेघ उमटली होती. अजून महिनाभरात टायर फाटलाच असता.

म्हणजे आवाज दोन माणसं बसल्यावरच येणार होता. आणि तो प्रत्येक वेळी हट्टानं एकटाच बसत होता. काखेत कळसा, आणि गावाला वळसा नव्हे, गावाला दोन आठवड्यांचे वळसे!

त्यानं बोल्टचं जास्तीचं टोक करवतीनं कापलं, कानशीनं गुळगुळीत केलं. पाच मिनिटांचं काम. बायकोला पुन्हा बसवून लांबच्या रस्त्यानं फिरवून आणलं. टकटक नव्हती, आणि या वेळी ती दोघांनाही ऐकू येत नव्हती.

"तरी कान तपासून घ्यायचेत," उतरताना ती म्हणाली. "बेल ऐकली नव्हतीत, ते काही बोल्टमुळे नव्हतं."

कालपर्यंत या वाक्यानं तो दोन दिवस बोलला नसता. "सोमवारी जाऊ," तो म्हणाला. "थोडं कमी निघालं तर निघू दे."

शनिवारी डॉक्टरीणबाई सासूबाईंना घेऊन आल्या. कापलेलं टोक त्यांच्या हातावर ठेवून त्यानं सगळं सांगितलं, वजनाचं, लिफ्टचं. मग तो म्हणाला, "आणि आणखी एक. पहिल्या दिवशी आवाज येतोय म्हणालो ते खोटं होतं. मला वाटलं, माझे कान गेले."

डॉक्टरीणबाईंनी ते टोक बोटांत फिरवून पाहिलं. "काका, माझ्याकडे पेशंट खालची दाढ दाखवतात आणि कीड वरच्या दाढेत निघते. आणि खुर्चीत बसले की नेमकं दुखायचं थांबतं. मीसुद्धा कधीतरी 'हं, दिसतंय' म्हणून वेळ मारून नेते."

"मला कळलं होतं," सासूबाई काठीवर रेलून म्हणाल्या.

"काय कळलं होतं?"

"तुम्हाला येत नाही ते. मी टकटक म्हटलं, आणि तुम्ही येऊन घरघर आहे म्हणालात."

कानसेनचे कान लाल झाले. "मग तेव्हाच बोलायचं होतंत की!"

"काय बोलणार? चेहरा बघितला होता का स्वतःचा? घाबरलेल्या माणसाला खोटारडा म्हटलं की तो आणखी खोटं बोलतो. आमचे हेही तसेच होते. हिला म्हटलं, गाडी नेत राहू, सापडेल त्याला."

दोन आठवड्यांत पहिल्यांदा तो पोटभर हसला. वर शिलाई मशीन थांबलं. खाली काय झालं ते बघायला बायको खिडकीत आली.

सासूबाईंनी आधी काठी, मग स्वतःला, मग पाय असं आत घेतलं आणि दार ओढून घेतलं.

"चल गं," त्या सुनेला म्हणाल्या, "आज जरा वेगात घे. आता ऐकण्यासारखं काही नाही."