घरून काम करणारी सून

प्रसूना सासरी तणुकूला आली ती पंधरा दिवसांसाठी. टाळेबंदी लागणार अशी कुजबुज सुरू झाली तेव्हा तिचा नवरा फणींद्र म्हणाला होता, "इथे हैदराबादेत दोन खोल्यांत कोंडून घेण्यापेक्षा गावी जाऊ. अम्माच्या हातचं खाऊ, शांत झालं की परत येऊ." जग शांत झालं, गाड्या सुरू झाल्या, सिनेमागृहं उघडली. फणींद्र पहिल्या वर्षाच्या अखेरीला परत गेला. त्याचं काम बँकांचं, ते कचेरीबाहेर नेता येत नाही, असं त्याने सांगितलं. प्रसूनाच्या कंपनीने मात्र सगळ्यांना एक पत्र धाडलं. इमारत आम्ही सोडून दिली आहे, यापुढे कायम घरूनच काम करायचं. पत्राच्या पहिल्याच ओळीत अभिनंदन केलेलं होतं.

आता पाचवं वर्ष चालू होतं.

माडीवरची जी खोली तिला दिली होती ती मूळची लोणच्याच्या बरण्यांची. बरण्या एका भिंतीला सरकवून तिथे टेबल लावलं होतं. वैशाखात आवकायाचा, म्हणजे कैरीच्या तिखट लोणच्याचा वास असा दाटायचा की डोळे चुरचुरत. कामातली लंडनची माणसं पडद्यावरून विचारत, "तुला बरं नाही का?" ती म्हणे, "बरी आहे." खालून अत्तय्यांचा, म्हणजे सासूबाईंचा मिस्ड कॉल आला की समजायचं, काहीतरी हवंय. अत्तय्यांचे गुडघे गेलेले, त्यांना जिना चढवत नसे. दूधवाला आलाय, सिलिंडर आलाय, मावय्यांना बाथरूमला न्यायचंय. दिवसातून वीस वेळा जिना. आणि कुणी काही काम सांगितलं की त्याच्या शेपटाला एक वाक्य ठरलेलं असे: "तू काय, घरीच असतेस."

मावय्या, म्हणजे तिचे सासरे सूर्यप्रकाशराव, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. दुसऱ्या लाटेत ते वाचले, पण फुप्फुसं वाचली नाहीत. खाटेजवळ प्राणवायूचं यंत्र घरघरत असे आणि वीज गेली की दोन मिनिटांत ते इन्व्हर्टरच्या खटक्यावर घ्यावं लागे. तणुकूत वीज काही सांगून जात नाही. त्यामुळे प्रसूना कोपऱ्यावरच्या देवळात गेली तरी तिचं अर्धं लक्ष रस्त्यावरच्या दिव्याकडे.

फणींद्र महिन्याकाठी एकदा येई, शनिवारी सकाळी, आणि रविवारी दुपारी निघे. त्यावरून त्याची आत्या एकदा सगळ्यांसमोर अत्तय्यांना म्हणाली होती, "नवरा तिकडे, बायको इकडे. मग काय गं रत्नम्मा, नातवंड कुरियरने मागवणार आहेस का?" बायका पदर तोंडाला लावून हसल्या. प्रसूनाही हसली, कारण दुसरं काय करणार.

त्या वर्षी दसऱ्यानंतर धाकट्या दिराचं, किरीटीचं बघायला सुरुवात झाली. किरीटी बंगळुरूला नोकरीत. लग्नं जुळवणारे गवर्राजू ओटीवर बसून ताक पीत सांगत होते, "पूर्वी विचारायचे, पोरगी गाते का, रांधते का. आता पहिला प्रश्न एकच. कामावर जावं लागतं की घरून? घरून असेल तर स्थळ तीन दिवसांत जुळतं बघा. पगारही घरात, पोरगीही घरात!"

"आम्हालाही तशीच हवी," अत्तय्या म्हणाल्या. "आमची थोरली बघा ना. वर काम चालू, खाली संसार चालू. लाखात एक."

प्रसूना तेव्हा मावय्यांच्या गोळ्या मोडून देत होती. गवर्राजू गेल्यावर अत्तय्यांनी तिचा हात धरून जवळ बसवलं. "धाकटी आली ना, की तू जा हो फणीकडे. ती इथे बसेल, तुझ्या जागी. मी शब्द देते."

प्रसूनाला त्या रात्री जेवण गोड लागलं. नंतर तिला स्वतःचंच नवल वाटलं, की 'तुझ्या जागी' हे शब्द आपण ऐकले आणि आपल्याला फक्त आनंद झाला.

मुलगी काकिनाड्याची होती. नाव लास्या. योगायोग असा की ती फणींद्रच्याच कंपनीत होती, दुसऱ्या विभागात, आणि घरून काम करत होती. फणींद्रला फोनवर विचारलं तर तो म्हणाला, "त्यांच्या विभागाला आहे मुभा. आमचं बँकेचं, आम्हाला नाही." विषय तिथेच संपला.

मुलगी बघायला रविवारी जायचं ठरलं. मावय्यांजवळ शेजारचा कंपाउंडर बसवला होता, पाच तासांपुरता. गाडीत अत्तय्यांनी प्रसूनाला पढवायला घेतलं. "पोरगी तुला एकटीला गाठून विचारेलच. आजकालच्या पोरी विचारतात. तू बरोबर सांग."

"बरोबर म्हणजे काय, अत्तय्या?"

"म्हणजे बरोबर," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

रस्ताभर प्रसूना मनात वाक्यं जुळवत राहिली. सासू आईसारखी आहे. स्वतंत्र खोली आहे. वाक्यं खोटी नव्हती, म्हणून तर ती म्हणायला सोपी होती.

काजाची मिठाई आणि कॉफी झाली, किरीटी आणि लास्या गच्चीवर दहा मिनिटं बोलून आले, आणि मग खरोखरच लास्या तिला आपल्या खोलीत घेऊन गेली. चोवीस-पंचवीसची पोरगी, डोळ्यांत काजळ घातलेलं आणि ते निम्मं पुसलेलं. दार लावून ती पाठ टेकून उभी राहिली.

"अक्का, मला स्पष्ट सांगा. किरीटी म्हणतात, लग्नानंतर मी तुमच्या घरी राहायचं आणि ते बंगळुरूला. सुट्टीला ये-जा करायची. जमतं का असं? तुम्हाला जमलं का?"

"जमतं की," प्रसूना म्हणाली. "माणसं चांगली आहेत. वर खोली आहे, इन्व्हर्टर आहे, कुणी त्रास देत नाही. सासू आईसारखी आहे."

लास्याने श्वास सोडला. "मग ठीक आहे. मला भीती वाटत होती. पण तुम्ही पाच वर्षं राहिलात म्हणजे… आणि फणींद्र गारू पण तिथेच असतात ना? का ते कुठे दुसरीकडे असतात?"

"नाही. ते हैदराबादला. त्यांना रोज कचेरीत जावं लागतं ना."

"कुठल्या कचेरीत?"

प्रसूनाने इमारतीचं नाव आणि मजला सांगितला, सहावा. फणींद्रच्या तोंडी तो इतक्यांदा आलेला की तिला पाठ होता.

लास्या गोंधळून हसली. "सहावा? अक्का, तो मजला कंपनीने दोन वर्षांपूर्वीच सोडला. बँकवालेसुद्धा आता घरूनच करतात. महिन्यातून दोन दिवस हजेरी लावली की झालं. आमचा सगळ्यांचा नियम एकच आहे." तिचं हसू हळूहळू मावळलं. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

खोलीत पंखा फिरत होता. बाहेर अत्तय्या मोठ्याने काहीतरी सांगत होत्या, किरीटीच्या लहानपणचं. प्रसूना पलंगाच्या कडेवर बसली. रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही. आला तो राग, आणि तोही आधी स्वतःचाच.

"लास्या," ती म्हणाली, "मी आत्ता सांगितलं ते विसर. म्हणजे, खोटं नाही ते. पण मी का सांगितलं ते ऐक. तू आलीस की मला सुटता येईल, असं कबूल झालंय."

लास्या दारापासून हलून तिच्याशेजारी येऊन बसली.

"मी चार महिन्यांत या गाडीप्रवासाएवढीही लांब गेले नव्हते. माझं काम आहे, पण कामावर जाणं नाही. कामावरून घरी येणंही नाही. सकाळी कुणासाठी चांगली साडी नेसायची? माझ्याबरोबरच्या पोरी कोण कुठे विखुरल्या, पडद्यावर चौकटीएवढ्या दिसतात. खालून हाक आली की उठते, वरून हाक आली की बसते. आणि कुणी वाईट वागलं असतं तर भांडले असते गं. कुणीच वाईट वागत नाही." ती उठली. "किरीटी चांगला मुलगा आहे. करायचं तर कर. पण तो राहील तिथे राहीन, एवढी एक अट घाल. अक्षता पडायच्या आधी घाल. मी घातली नव्हती, तेव्हा अशी अट घालावी लागेल हे कुणाला ठाऊक होतं?"

परतीच्या वाटेवर अत्तय्या खुशीत होत्या.

तिसऱ्या दिवशी काकिनाड्याहून फोन आला. मुलगी म्हणते, बंगळुरूलाच राहीन. किरीटी म्हणाला, तिथे आम्ही चौघे मित्र मिळून राहतो, एवढ्यात वेगळं घर घेणं जमणार नाही. स्थळ मोडलं. फोन ठेवताना लास्याची आई बोलून गेली, की तुमच्या थोरल्या सूनबाईंनीच आमच्या मुलीला शहाणपण शिकवलं, त्यांचे उपकार.

अत्तय्यांनी त्या दिवशी मिस्ड कॉल दिला नाही. त्या स्वतः जिना चढून आल्या, एकेका पायरीला थांबत. दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

"काय वाकडं केलं होतं मी तुझं?"

प्रसूनाने लॅपटॉप मिटला. लंडनची माणसं बोलत होती, ती बोलता बोलता बंद झाली. "अत्तय्या, बसा आधी."

"नाही बसत. सांग."

"फणी कचेरीत जात नाही. दोन वर्षं झाली. तो तिथे घरूनच काम करतो. तुम्हाला ठाऊक आहे हे?"

अत्तय्यांनी बरण्यांच्या भिंतीचा आधार घेतला.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

"तरी तुम्ही…"

"तो आला असता तर तू गेली असतीस. हो ना? आणि तो येऊन काय उपयोग? बाप खोकायला लागला की तो अंगणात जाऊन उभा राहतो. त्याला नळी लावता येत नाही, बापाला धरता येत नाही." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "लाटेतले ते अकरा दिवस आठवतात तुला? ही गल्ली माझी तीस वर्षांची. माझ्या घरून ताक गेलं नाही असं एक घर नाही. एकाने दार उघडलं नाही, पोरी. खिडक्या लावून घेतल्या. पोटचे दोघे पोरगे फोनवर रडत होते. यांना खाली उचलून कुणी नेलं? तू नि मी. तेव्हापासून मला माणसांचा भरवसा उरला नाही. तुझा तेवढा आहे."

प्रसूना ऐकत होती. एवढ्या वर्षांत असं कौतुक तिचं कुणी केलं नव्हतं, आणि त्याच क्षणी तिला खोलीतली हवा कमी झाल्यासारखी वाटली.

"भरवसा होता तर मला खरं सांगायचं," ती म्हणाली. "मी थांबलेही असते कदाचित. आता विचारायची वेळ गेली."

शुक्रवारी तिने फणींद्रला फोन केला. "उद्या ये. महिन्याभराचे कपडे आण." तो हसत काही बोलू लागला तेव्हा तिने सहावा मजला म्हटलं.

तो आला. अंगणात उभा राहून खालच्या आवाजात म्हणाला, "मला इथे कामात लक्ष लागत नाही गं. बाबांना तसं बघवत नाही. मी काय करू?"

"मलाही बघवत नव्हतं," प्रसूना म्हणाली. "ये, नळी कशी लावतात ते दाखवते."

दोन दिवस तिने त्याला शिकवलं. नळी दोनदा त्याच्या हातून निसटली. मावय्याच शेवटी धापा टाकत म्हणाले, "घाबरू नकोस रे. मी काही लगेच मरत नाही. हळू हळू शिक." सोमवारी सकाळी ती त्यांच्या पाया पडली आणि बस धरली. अत्तय्या देवघरातून बाहेर आल्या नाहीत.

हैदराबादेत पोचल्यावर पहिला आठवडा तिला फार विचित्र गेला. घरात तीन पुरुषांच्या राहण्याचा वास होता. फणींद्रचे दोन भाडेकरू मित्र एका रात्रीत गाशा गुंडाळून गेले. पडद्यावर तीच लंडनची माणसं, त्याच चौकटी. तिच्या जुन्या कचेरीच्या इमारतीत शिकवणीचे वर्ग भरत होते. ज्यांना भेटायचं मनात होतं त्या मैत्रिणी कुणी गुंटूरला, कुणी नेल्लूरला, आपापल्या माडीवर. संध्याकाळी ती खाली उतरून उगाच तलावापर्यंत चालत जाई. वीज गेली की अजून दचके. पण पाय दुखेपर्यंत चाले, आणि परत येई ती आपल्या मनाने.

महिन्याने ती तणुकूला गेली, फणींद्र हैदराबादला आला. मग उलट. कुरकुर करत का होईना, पाळी लागली. मावय्यांना फणींद्रच्या हातची नळी आता चालत होती, अत्तय्या मात्र प्रसूनाशी कामापुरतंच बोलत.

आणि माघात किरीटीचं लग्न झालं. गवर्राजूंनी सांगितलं तसंच, तीन दिवसांत जुळलं. भीमावरमची मुलगी, मृदुला, घरून काम करणारी. तिला एकटीला गाठून काही सांगावं असं प्रसूनाच्या मनात होतं, पण या वेळी अत्तय्यांनी तिला बघायला नेलंच नाही. लग्नानंतर आठवड्याने किरीटी बंगळुरूला गेला. मग फणींद्रही म्हणाला, आता ती आहे ना घरात, आणि हैदराबादेत येऊन राहिला. प्रसूनाच्या मनासारखं झालं, असं सगळे म्हणाले.

उन्हाळा लागला तेव्हा एका दुपारी मृदुलाचा फोन आला. आवाज दबका होता.

"अक्का, वीज गेलीय. मशीनचा खटका कुठला, डावा की उजवा?"

"डावा. लाल. दाबून धर. हिरवा दिवा लागला?"

"लागला." पलीकडून घरघर ऐकू आली, आणि त्यावर मावय्यांचं खोकणं. "अक्का, वर फार उकडतं हो. लोणच्याच्या वासाने डोळ्यांतून पाणी येतं. माझी एवढ्यात मीटिंग आहे. ठेवते."

"ठेवू नकोस," प्रसूना म्हणाली. "किती दिवसांत घराबाहेर पडली नाहीस?"

मृदुला मोजत राहिली.

प्रसूनाने फणींद्रकडे पाहिलं. तो समोरच्या खोलीत कानाला यंत्र लावून बँकांशी बोलत होता. तिने दार ओढून घेतलं.

"ऐक. मी रविवारी येतेय, महिनाभरासाठी. माझ्यानंतर फणी येईल, त्याच्यानंतर किरीटी. मी बोलते दोघांशी. अत्तय्या रागावतील, रागावू देत. तू बॅग भरून ठेव."

"कुठे जाऊ?"

ते मात्र प्रसूनालाही लगेच सुचेना. "आधी भर," ती म्हणाली. "मग बघू."