भरदुपारची पोपटी

सुरभी खोटं बोलली ती थंडीमुळे. निदान तिचं म्हणणं असं. लोकप्रशासनाची पदव्युत्तर पदवी मुंबईत घेता घेता ती एका सत्रापुरती फिनलंडला, टाम्पेरे नावाच्या शहरी गेली होती. तिथं जानेवारीत थंडी अशी, की चहात बुडवलेलं बिस्कीट बाहेर काढेपर्यंत पुन्हा कडक होतं. अशा हवेत माणसाची अक्कल आखडली तर दोष कुणाला द्यायचा?

पहिल्याच तासाला प्राध्यापक लौकानेन बाईंनी वर्गाला विचारलं, "तुमच्या गावच्या सभेला किती माणसं येतात?" कुणी चौदा म्हणालं, कुणी नऊ. बारा जणांच्या वर्गात सुरभीची पाळी शेवटची.

"दोनशे," ती म्हणाली. आणि एवढ्यावर थांबेल तर ती कोंडखारची कसली? "जागा पुरत नाही, म्हणून काही जण झाडावर बसतात."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "पुढची सभा कधी?"

"सव्वीस जानेवारी."

"उत्तम. आपण सगळे ती फोनवर बघू. तुझा प्रकल्प तोच. पाच क्रेडिट."

ती पाच क्रेडिट गेली तर हे सत्र मुंबईत धरलं जाणार नव्हतं, म्हणजे आख्खं वर्ष पाण्यात.

आता खरं काय ते सांगायला हवं. पेणहून रोह्याकडे निघालं, गडब मागे टाकलं, की खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर कोंडखार लागतं. तिथं ग्रामसभा भरल्याचं जिवंत माणसाला आठवत नव्हतं. सभेला शंभर मतदार हजर लागतात. नसले तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेल्या सभेला मग माणसांची अट राहत नाही. ही सोय ग्रामसेवक भाऊसाहेबांना फार आवडलेली. पहिली सभा ते कुणाला कळू देत नसत. दुसरीला ते, सरपंच आणि छताचा पंखा असे तिघे हजर. मागाहून शिपाई काळुराम रजिस्टर घेऊन दारोदार फिरायचा, आणि बाया पिठाचे हात पुसून सह्या करायच्या. ग्रामसभा म्हणजे एक जाडं रजिस्टर असतं आणि ते घरी येतं, अशीच गावातल्या पोरांची समजूत होती.

सुरभीने आत्याला फोन लावला. कृष्णाबाई अंगणात वाल सोलत होती.

"दोनशे बोललीस? गो, आपल्यात लग्नाला दीडशे येतात."

"आत्या, वर्ष जाईल माझं."

"आनि झाडावर कोन बसनार? मी?"

"झाडाचं सोड गं."

पलीकडे टचकन एक शेंग मोडली. मग आत्या म्हणाली, "पोपटी लावू."

पोपटी म्हणजे वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, मीठ, ओवा आणि भांबुर्ड्याचा पाला मडक्यात ठासून, मडकं उपडं ठेवून भोवती पेटवायचं. त्या वासाला माणूस समाधीतूनही उठतो. पण ही संध्याकाळची गोष्ट. भरदुपारी पोपटी म्हटल्यावर गाव हसलं. "आधी बारसा, मग लगीन," गोविंदा आजोबा म्हणाले, आणि सगळ्यांच्या आधी येऊन बसले.

सव्वीस तारखेला पेणहून मडकी आली, रोह्याहून शेंगांच्या गोणी आल्या. पंचायतीसमोरच्या शेतात अकरा मडकी पेटली. काळुराम रजिस्टर घेऊन बांधावर उभा राहिला. "सही केल्याबिगर शेंग नाय," तो प्रत्येकाला सांगत होता. दोनशे बारा सह्या झाल्या. आत्याने फोन शेवग्याच्या झाडाला बांधला. तिकडे टाम्पेरेत सकाळचे साडेआठ, बाहेर अजून काळोख, आणि भिंतीवरच्या पडद्यावर कोंडखारचं लख्ख ऊन.

भाऊसाहेब बाहेर आले आणि पायरीवरच थबकले. त्यांची अडचण अशी, की वहीत त्यांनी आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं: 'गणसंख्येअभावी सभा तहकूब.' खाली पुढच्या सभेचे ठरावही लिहून तयार.

पोपटी व्हायला पाऊण तास लागतो. रिकामी बसलेली माणसं फार वाईट. "भाऊसाहेब, वाचा की काय लिवलाव ता," कृष्णाबाई म्हणाली.

"ते... साठ सिमेंटची बाकडी बसवण्याचा ठराव आहे."

"आनखी? परवा माजी म्हस बाकड्यावर बसलेली."

हशा झाला. हशातून एकाला आठवलं, दुसऱ्याने सांगितलं. खाडीच्या बांधात पाणी अडवायचं जे दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. तिची फळी दोन वर्षं मोडकी. भरतीचं खारं पाणी शेतात शिरतं, कृष्णाबाईचा भात त्यातच गेला. बाकडी रद्द करा, फळी बसवा. दोनशे हात वर झाले.

"हे पुढच्या सभेत घेऊ," भाऊसाहेब म्हणाले.

कृष्णाबाईने एका मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं. पोपटी तयार होती. "ठराव लिवल्याशिवाय मडका उघडनार नाय," ती म्हणाली. दोनशे बारा भुकेली माणसं भाऊसाहेबांकडे बघू लागली. तेही सकाळपासून उपाशीच होते. त्यांनी पेन काढलं.

वर्ग भराभरा टिपणं घेत होता, सुरभी भाषांतर करत होती. तेवढ्यात गोविंदा आजोबा फोनपाशी आले. "पोरी, ऐंशीचा झालो, सभेला पयल्यांदा आलो. बरी असते की."

"काय म्हणाले ते?" बाईंनी विचारलं.

सुरभीच्या जिभेवर आलं होतं, 'लोकशाही चिरायू होवो म्हणाले.' पाच क्रेडिट खिशात पडली असती. पण खोटं एकटं राहत नाही, संसार थाटतं. या एकाने आधीच अकरा वह्या भरल्या होत्या, आणि पडद्यावर त्या खोट्यापायी खरोखरीचा ठराव लिहिला जात होता. तिने आजोबांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. मग तहकुबीचं, पंख्याचं, झाडाचंही सांगितलं.

बाईंनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला आणि पडद्याकडे पाहिलं.

"त्या मडक्यांत काय आहे?" त्यांनी विचारलं.

सुरभीने सांगितलं.

"आमच्या वॉर्डाच्या सभेला आम्ही कॉफी आणि वेलचीचा पाव ठेवतो. तरी नऊच येतात." बाईंनी तिच्या प्रकल्पाचं नाव खोडलं. "आता 'लोक सभेला का येत नाहीत' यावर लिही. दोनशे म्हणालीस त्याचं एक क्रेडिट कापते."

"पण मुंबईत पाच लागतात, बाई."

"मग पाचव्यासाठी काम कर. मडकं कसं लावायचं, ते आमच्या वॉर्डाला शिकव."

पडद्यावर एकदम काळुरामचं तोंड आलं, पडदाभर. "बाईसाहेब, तुम्ही तेरा जनं सभेला हजर व्हता ना? मंग सही पायजे."

मार्चमध्ये गोठलेल्या तळ्याकाठी टाम्पेरेतली पहिली पोपटी लागली. भांबुर्डा नव्हता, बडीशेपेचा पाला घातला. वॉर्डाच्या सभेला एकशे चाळीस माणसं आली, पाचवं क्रेडिट मिळालं, आणि सुरभी सांगते की त्या माणसांतली तीन झाडावर बसली होती. आत्याचा यावर विश्वास नाही. उघाडीला मात्र नवी सागवानी फळी बसली, आणि काळुरामच्या रजिस्टरात दोनशे बारानंतर आणखी चौदा सह्या आहेत, त्यांतल्या तेरा टाम्पेरेहून फोनवर आलेल्या आणि छापून डकवलेल्या. शेवटून दुसरी लौकानेन बाईंची. शेवटची भाऊसाहेबांची, कारण त्यांनाही शेंगा हव्या होत्या.