शून्याची ढाल

'तरुण मुलीचं आरोग्य हा देशाचा पाया आहे आणि त्या पायाचे आम्ही जागते पहारेकरी आहोत.' आरोग्य केंद्राच्या दर्शनी भिंतीवर हे वाक्य दीड फुटी निळ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. त्याच्याखाली, डब्यात रंग उरला होता म्हणून की काय, 'येथे उभे राहू नये' असंही लिहिलेलं होतं. सोमवारी सकाळी काजू नेमकी तिथेच उभी होती.

काजू हे काही तिचं खरं नाव नव्हे. शिवणाच्या कारखान्यात माणसाला त्याच्या मशिनीवरून हाक मारायची पद्धत असते. ही शर्टांना बटणांची काजं पाडायची, म्हणून काजू. वय बावीस. सुपरवायझरला दातदुखीचं कारण सांगून तिने अर्धी रजा काढली होती. तिचे बत्तीसच्या बत्तीस दात ठणठणीत होते. दुखत होतं ते वेगळंच.

झालं होतं असं. रविवारी संध्याकाळी, ज्याच्याशी तिचं लग्न ठरलं होतं, त्याच्या खोलीवर ती गेली होती. पर्समध्ये कंडोमचं पाकीट होतं. तो हसून म्हणाला होता, "लग्न ठरलंय ना आपलं? आता हे कशाला? भरवसा नाही का?" भरवसा हा शब्द असा आहे की तो समोर ठेवला की पाकीट आपोआप पर्समध्ये परत जातं. ते गेलं. मग सहाच्या सुमाराला केस विंचरायला कंगवा शोधताना तिने ड्रॉवर उघडला, तर आत गोळ्यांच्या तीन बाटल्या. तारीख गेल्या वर्षीची, सील शाबूत. खोदून विचारलं तेव्हा कळलं, त्याला दोन वर्षांपासून एचआयव्ही होता. सुरुवातीला तो गोळ्या घेत होता, आठ महिन्यांपासून बंद केल्या होत्या. का, तर बरं वाटत होतं.

"तुला सांगणारच होतो मी," तो म्हणाला.

"कधी?"

"लग्नानंतर."

काजूने कंगवा न घेताच घर गाठलं.

रडून उपयोग नाही हे तिला ठाऊक होतं, आणि का ठाऊक होतं तेही सांगायला हवं. वर्षापूर्वी याच केंद्राचे साहेब कारखान्यात भाषणाला आले होते. दोन तास बोलले. त्यात एक वाक्य चुकून उपयोगाचं निघालं: "संसर्गाची भीती वाटली तर बहात्तर तासांच्या आत गोळ्या सुरू करा, जितक्या लवकर तितकं बरं, अठ्ठावीस दिवस घ्या, संसर्ग टाळता येतो." बाकीच्या मुली डुलक्या घेत होत्या. काजूला आकडे लक्षात राहतात. रविवार संध्याकाळी सहा ते बुधवार संध्याकाळी सहा. मध्ये एवढाच कपडा होता, आणि त्यातच सगळं बेतायचं होतं.

केंद्रातल्या सिस्टर पन्नाशी उलटलेल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. काजूने सगळं सांगितलं आणि आता ही बाई 'लग्नाआधीच?' असं विचारणार म्हणून मान खाली घातली. सिस्टरांनी विचारलं, "जेवलीस का काही?" मग बोटाला सुई टोचून तपासणी केली. आजच्या घडीला तिला काही नव्हतं. दिवस राहू नयेत म्हणून एक गोळी ड्रॉवरमधून काढून लगेच दिली. आणि मग त्या कपाटापाशी जाऊन थांबल्या.

कपाटाला दोन कुलपं होती.

"ही माझी किल्ली," सिस्टर म्हणाल्या. "दुसरी साहेबांकडे. महाग औषध आहे ना, म्हणून दोघांनी मिळून उघडायचं. जा, आत बसलेत."

साहेबांनी खुर्ची दिली, पाणी विचारलं नाही. फॉर्म पुढे ओढला.

"विवाहित?"

"ठरलंय."

"म्हणजे नाही. मग नवऱ्याची सही कशी आणणार तुम्ही?"

"नवराच नाही तर सही कुठली, साहेब?"

"तोच तर मुद्दा आहे," साहेब समाधानाने म्हणाले. "पालकांना घेऊन या."

"मी बावीस वर्षांची आहे."

"वा! छान वय आहे. पालकांना घेऊन या."

बाहेर आल्यावर सिस्टर दबक्या आवाजात म्हणाल्या, "असा नियम कुठेही नाही. ही यांनी पाडलेली रीत. तीनदा लिहून दिलंय मी वर. मोठं रुग्णालय सात तासांवर आहे, पण तिथे इथलं पत्र मागतात, आणि पत्रावर सही पुन्हा यांचीच. कोणालाही आण, पण आण."

आईला आणणं शक्य नव्हतं. आई दुसऱ्या गावी, लग्नाच्या याद्या करत बसलेली. म्हणून मंगळवारी काजूने धागेवाल्या मावशीला आणलं. मावशी कारखान्यात शर्टांचे लोंबणारे धागे कापायची. गळ्यात दोरीला कात्री, तोंडात तिच्याहून धारदार जीभ. ती रक्ताच्या नात्याने कोणाचीच मावशी नव्हती, म्हणून सगळ्यांचीच होती.

"आधी सांग, त्या मुडद्याचा पत्ता काय?" मावशीने वाटेत विचारलं.

"मावशी, आधी गोळ्या."

"बरं, आधी गोळ्या. मग पत्ता."

साहेब जागेवर नव्हते. 'औषधं गरजू तरुणींना सहज कशी मिळतील' या विषयावरच्या दिवसभराच्या बैठकीला ते गेले होते. किल्ली खिशात घेऊन. दोघी पाच वाजेपर्यंत बाकावर बसल्या. फोन लावला की साहेबांचा शिपाई सांगायचा, साहेब बोलतायत. कोणाशी? सगळ्यांशी. माइकवर.

बाकाशेजारच्या टेबलाचा एक पाय तोकडा होता, त्याच्याखाली कंडोमचा न फोडलेला खोका सरकवलेला होता. मावशीने तो बराच वेळ न्याहाळला. म्हणाली, "चला, टेबलाला तरी कसली भीती नाही."

काजू हसली नाही. काल तिला भीती वाटत होती. आज त्या भीतीचा रंग बदलत चालला होता. सोमवारी आपण चुकलो, असं तिला वाटलं होतं. मंगळवारी पाच वाजता, रिकाम्या खुर्चीकडे बघता बघता, तिला पहिल्यांदाच वाटलं, की मी रांगेत उभी आहे, वेळेत आहे, तपासणी करून घेतली आहे, सगळं खरं सांगितलं आहे. इथे चोर मी नाही.

बुधवारी दोघी दुपारी तीनला पोचल्या, तर केंद्राला तोरणं. अंगणात मांडव, खुर्च्या, माइक आणि वरून आलेले एक पाहुणे. हा काय प्रकार म्हणून विचारलं तेव्हा सिस्टरांनी चष्मा काढून पुसला.

"ढाल मिळतेय आपल्या केंद्राला. लागोपाठ तिसऱ्या वर्षी. या भागात या गोळ्यांची एकही बाटली द्यावी लागली नाही म्हणून. शून्य मागणी."

"मागणी नाही? सोमवारपासून मी काय मागतेय?"

"तू लिहिली गेलेली नाहीस. फॉर्म पुरा झाला तर तू मागणी. सही नाही, म्हणजे तू नाहीसच. तुझ्याआधीच्या सहाजणीही अशाच नव्हत्या." सिस्टरांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. "बाटल्यांची मुदत संपली की मी त्या जाळते, बाई. दर वर्षी. नव्या मागवते आणि पुन्हा जाळते. तीनदा लिहूनही वरून काही हललं नाही. अकरा महिने राहिलेत निवृत्तीला, म्हणून मग गप्प बसले."

सहाजणी. काजूच्या कानात काही तरी तडकलं. सहा मुली याच बाकावर बसून, नियम असेल बाबा, म्हणत परत गेल्या होत्या. त्यांचं पुढे काय झालं ते ढालीवर कोरलेलं नव्हतं.

ती तडक मांडवात शिरली. व्यासपीठाजवळ लाल मखमलीचं टेबल होतं, आणि त्यावर, फुलांच्या मधोमध, गोळ्यांची एक पांढरीशुभ्र बाटली. समोर पाटी: 'आमच्याकडे उपलब्ध'. पाहुण्यांना दाखवायला म्हणून आज सकाळी कपाटाची दोन्ही कुलपं साहेबांनी स्वतः उभं राहून उघडवली होती.

काजूने बाटली उचलली.

"अहो अहो अहो!" साहेब धावले. "हात लावू नका! ते प्रदर्शनासाठी आहे!"

"पाटीवर उपलब्ध लिहिलंय."

"उपलब्ध आहे, म्हणजे ठेवलेलं आहे. घेण्यासाठी नाही."

"साहेब, चार वाजायला आलेत. सहाला माझी मुदत संपते. तुम्हीच सांगितली होती, बहात्तर तास."

साहेबांनी पाहुण्यांकडे हसून बघितलं आणि आवाज खाली आणला. "हे बघा, तुम्ही समजूतदार मुलगी दिसता. आजचा कार्यक्रम होऊ दे. उद्या सकाळी या, सवडीने बघू. आज एक जरी बाटली गेली तर आमचं शून्य जातं."

माइक चालूच होता. शून्य शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

"तुमचं शून्य राहावं म्हणून मी रोग्यांच्या यादीत एक होऊ?" काजू म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, काजाच्या मशिनीसारखा एका सुरात, टाका न चुकवता चालला होता. "मला फसवलं एकाने. त्याचं मी बघून घेईन. पण तो घाबरट होता, खोटारडा होता. तुम्ही काय आहात? तुम्हाला तर सगळं ठाऊक आहे. तुम्ही कारखान्यात येऊन आम्हाला तोंडपाठ करायला लावलंत. आम्ही पाठ केलं. आणि इथे आलो की तुम्ही नवऱ्याची सही मागता? जो नवरा मला हा रोग देणार, त्याचीच परवानगी?"

"ही वेळ नव्हे..."

"हीच आहे. दोन तास उरलेत."

"पालक कुठे आहेत हिचे?" साहेबांनी शेवटचा पत्ता टाकला.

"ही मी," मावशी उठली. कात्री गळ्यात झुलली. "काय कापायचंय ते सांगा."

साहेब एक पाऊल मागे सरले. तेवढ्यात सिस्टर रजिस्टर घेऊन आल्या. कोणाकडेही न बघता त्यांनी काजूच्या हातातली बाटली घेतली, तारीख वाचली, चार महिने बाकी होते, आणि सील फोडलं. मग त्यांनी रजिस्टरमध्ये तीन वर्षांच्या शून्यांखाली सावकाश 'एक' लिहिला, आणि त्याच्याखाली, आठवून आठवून, मागच्या सहाजणींच्या तारखा.

"सिस्टर, उद्या मेमो मिळेल तुम्हाला!"

"द्या. दोन प्रती द्या, एक मी वर पाठवते," सिस्टर म्हणाल्या आणि काजूकडे वळल्या. "रोज एकच, ठरलेल्या वेळी, अठ्ठावीस दिवस. एकही चुकवायची नाही. मळमळलं तर माझ्याकडे ये, गोळी सोडायची नाही. नंतर पुन्हा तपासणी. आणि त्याला सांग, त्याच्याही गोळ्या इथेच मिळतात. मी देईन."

एव्हाना पाहुण्यांना वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते कळलं होतं. त्यांनी माइक ओढून घेतला. "बंधू-भगिनींनो, आज आपण एका ऐतिहासिक क्षणाचे साक्षीदार आहोत! ही तरुणी म्हणजे नव्या युगाची पहाट आहे! या केंद्राने आज दाखवून दिलं..." साहेबांनी लगेच टाळ्या सुरू केल्या. फोटोवाला पुढे सरसावला, त्याला मावशीने मागे ढकललं. पाहुणे पहाटेवरून मशालीवर गेले, मशालीवरून मातृशक्तीवर.

काजू तळहातावर गोळी घेऊन उभी होती. चार वाजून दहा मिनिटं. गोळी चांगली शेंगदाण्याएवढी मोठी, आणि तोंडाला दुपारपासून कोरड. तिने पाहुण्यांच्या कोटाची बाही हलकेच ओढली.

"साहेब, तुमच्यासमोरच्या बाटलीतलं घोटभर पाणी देता का?"