आगरदांड्याच्या तीन खुणा

मी एक जुना लॅपटॉप आहे. हसू नका, मित्रांनो. मुरुडच्या खाऱ्या वाऱ्याने माझ्या चार कळा खाल्ल्या आहेत आणि चार्जरची वायर हाताने धरून ठेवल्याशिवाय माझ्यात जीव येत नाही. पण एके काळी कोळीवाड्यात माझा काय तोरा होता, म्हणून सांगू.

किशोरीने मला कॉलेजात असताना घेतलं. तिचे वडील तांडेल, म्हणजे होडी हाकणारे म्होरके होते. पाण्याखालचे खडक चुकवायला जुने तांडेल किनाऱ्यावरच्या खुणा जुळवत. देवळाचा कळस अमक्या माडाच्या आड गेला, की होडी वळवायची. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. किशोरीने त्यासाठी माझ्यावर एक ॲप बनवलं. ते सगळ्यांना फुकट, आणि त्याचा कोडही सगळ्यांना खुला. कुणीही नवी खूण किंवा दुरुस्ती पाठवावी आणि किशोरीने ती तपासून आत घ्यावी, अशी रीत होती. पार नागावपर्यंतचे लोक हातभार लावू लागले. माझा पंखा घरघरायचा, पण मी खूश होतो.

मग गेल्या वर्षी खुणांचा पूर आला. सगळ्या कशा सुबक, नीटनेटक्या. किशोरी भुलली आणि खरं सांगायचं तर मीही भुललो. त्यातल्या कितीतरी एआयने रचलेल्या होत्या. पाठवणाऱ्यांनी आपला समुद्र पाहिलाही नव्हता. अशीच एक खूण धरून तिचा चुलतभाऊ विनेश निघाला आणि त्याची होडी खडकावर चढली. तळाच्या फळ्या फुटल्या. माणसं पोहून आली म्हणून निभावलं.

विनेश रागावला नाही. एवढंच म्हणाला, "मला वाटलं, तू बघून घेतलं असशील."

ते तिच्या जिव्हारी लागलं. तिने लगेच नियम लिहिला : एआयकडून लिहून घेतलेलं काहीही घेतलं जाणार नाही. माझ्याच पडद्यावर लिहिला. मला तो अगदी योग्य वाटला.

महिन्याभराने आगरदांड्याहून रुचिता नावाच्या मुलीने तीन खुणा पाठवल्या. खाली प्रामाणिकपणे लिहिलं होतं, की मांडणी एआयने केली आहे. किशोरीने पुढे वाचलंच नाही, नकार दिला. रुचिताचा फोन आला.

"ताई, आमच्या अनंता आजोबांना लिवता येत न्हाय. ते बोलले, ते मी एआयकडून नीट करून घेतलं. शब्द त्याचे हायत, खुणा आजोबांच्या हायत."

"नियम सगळ्यांना सारखा, गं," किशोरी म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढे विनेशने सहज ती नाकारलेली यादी चाळली आणि तो थबकला. "हे तिन्ही खडक खरे हायत. माझ्या बाबाचं जाळं इथंच फाटायचं."

दुसऱ्या दिवशी किशोरी मला पिशवीत घालून एसटीने आगरदांड्याला गेली. अनंता आजोबा खाटेवर पडून होते. आठ दिवसांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला होता आणि वाचा गेली होती.

रुचिता हळूच म्हणाली, "अजून चौदा खुणा होत्या, ताई. तुम्ही या तीन घेतल्या, की बाकीच्या सांगीन म्हनायचे."

किशोरीने मला त्यांच्यासमोर उघडलं. तिन्ही खुणा आत घेतल्या आणि खाली त्यांचं नाव लिहिलं. आजोबांनी माझ्या पडद्याकडे बोट केलं. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. किशोरी तिथेच रडली.

आता नियम बदलला आहे. शब्द कुणाचेही असोत. खूण कुणी सांगितली आणि पाण्यावर जाऊन कुणी पडताळली, ती दोन नावं हवीत. चांगला नियम आहे. उशिरा आला.

मित्रांनो, डोळे मिटून हो म्हणू नका, आणि डोळे मिटून नाहीही म्हणू नका. आधी विचारा, हे सांगणारं माणूस कोण आहे. ॲपमध्ये आगरदांड्याच्या यादीत आम्ही चौदा ओळी कोऱ्या ठेवल्या आहेत; ते खडक नेमके कुठे आहेत, हे आता कुणीच सांगू शकत नाही. तिकडे होडी न्याल, तर बेताने न्या.