बापलेकीचं भांडण

जुन्नर तालुक्यात आपटाळ्याच्या पुढे डोंगरात एक वाडी आहे. तिथला कुंडलिक भांडायला उभा राहिला की समोरच्या साहेबाने मुकाट टेबल आवरायला घ्यावं, अशी त्याची ख्याती होती. तलाठी असो, फॉरेस्टचा गार्ड असो, वाडीतले लोक कुंडलिकला पुढे घालूनच जात. त्याला शिव्या येत नव्हत्या असं नाही. पण भांडणात तो त्या कधी वापरत नसे. "शिवी दिली का आपला मुद्दा संपला, ह्ये समोरच्याला कळतं," असं म्हणायचा.

हीच खोड त्याच्या लेकीने, इंदूने उचलली. कालवणात मीठ जास्त की कमी इथपासून बापलेकीची जुंपायची. आई लंकाबाई चुलीपुढे बसून दोघांना हात जोडायची. कुंडलिक वरवर करवादायचा, पण लेकीने एखादा मुद्दा नेमका धरला की आतून त्याचं पोट भरायचं.

सत्त्याण्णव साली इंदू जुन्नरच्या हायस्कुलात आठवीला गेली. वाडीची एसटी जेव्हा येईल तेव्हा यायची, त्यामुळे पहिल्या तासाला तिला उशीर ठरलेला. तो तास कदम सरांचा. एखाद्या पोराला सर्वांदेखत सोलून काढायचं आणि बाकीच्यांना हसवायचं, यालाच हे गृहस्थ शिकवणं म्हणत, आणि गावही त्यांना हुशार मास्तर म्हणत असे.

"या, महाराणी. डोंगरातली आळशी जात, सूर्यसुद्धा तुमच्याकडे उशिरा उगवतो," सर म्हणाले.

"आळशी नाय, सर. मी अंधारात उठते. गाडीच उशिरा आली," इंदू म्हणाली.

"आणि केस? तेही गाडीनंच विस्कटले वाटतं!"

वर्ग हसला. इंदू मात्र भांडण शिकलेली पोर. ती शांतपणे म्हणाली, "केसांचा आन गाडीचा काय संबंध, सर?"

या वेळी पोरं हसली ती सरांना. मग काय विचारता! मुलगी उद्धट आहे, बापाला घेऊन ये, तोवर वर्गात पाय ठेवायचा नाही.

दुसऱ्या दिवशी कुंडलिक निघाला तो बाह्या सरसावूनच. एसटीत त्याने सगळं मनात जुळवलं. गाडी उशिरा येते, त्यात पोरीचा काय गुन्हा? जात कशाला काढली? एकेक सवाल त्याने परजून ठेवला होता. शेजारी इंदू खुशीत होती. बापाला ती दादा म्हणायची. आज दादा सरांना कसे गप्प करतात ते तिला बघायचं होतं.

पण झालं भलतंच. कुंडलिक मास्तरांच्या खोलीत शिरला आणि कदम सर खुर्चीतून उठून उभे राहिले. "या कुंडलिकराव, बसा," म्हणत त्यांनी स्वतः खुर्ची पुढे केली, शिपायाकडून कपबशीत चहा मागवला. आजवर कुठल्याही कचेरीत कुंडलिकला कुणी बस म्हटलेलं नव्हतं. उभं ठेवणाऱ्याशी कसं भांडायचं ते त्याला पक्कं माहीत होतं. बसवणाऱ्याशी कसं भांडतात, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. चहा संपेपर्यंत त्याचे सगळे सवाल विरून गेले.

"तुमच्यासारखा सज्जन माणूस, आणि मुलगी अशी," सर म्हणाले. "वर्गासमोरच समज द्या तिला. बापाचं ऐकेल."

आणि कुंडलिकने दिली. वर्गाच्या दारात इंदूला उभं करून तो कडाडला, "गुरुजींना उलट बोलतीस? रांडंचे, शेण भरायची लायकी तुझी! ह्या तोंडानं बापाचं नाक कापलंस!"

"दादा, पण गाडी..."

"गप! पाया पड त्यांच्या."

वर्ग खो खो हसत होता. इंदूने बापाकडे एकदा पाहिलं आणि ती वाकली.

परतीच्या एसटीत कुंडलिक म्हणाला, "तिथं तसं बोलावं लागतं, पोरी." ती म्हणाली, "व्हय, दादा." झालं. त्या दिवसापासून घरात भांडण म्हणून उरलं नाही. कालवण खारट झालेलं असताना तो मुद्दाम अळणी म्हणायचा, आणि इंदू "व्हय" म्हणून मिठाचा डबा पुढे करायची. तो चिडायचा, डिवचायचा. व्हयच्या पुढे ती जायची नाही. ज्याने उभ्या तालुक्याला हरवलं, त्याला आपल्याच लेकीकडून एक 'नाय' मिळेना.

दहावीत ती चांगली पास झाली, आणि पाहुणे आले. मुलगा कुंडलिकला साफ नापसंत होता, पण भावकी मागे लागलेली. तो आत लेकीकडे गेला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "पुढं शिकायचंय ना तुला? तसं म्हण. नुसतं नको म्हण, मी समद्यांशी भांडतो."

"तुमी म्हणाल तसं, दादा," इंदू म्हणाली आणि पोह्यांच्या बशा भरू लागली.

तो बाहेर येऊन बसला. मुलाच्या चुलत्याने विचारलं, "बाकी समदं ठीक हाय. पर एक सांगा, पोरगी तोंडाळ नाय ना?"

कुंडलिकने आतल्या दाराकडे पाहिलं.

"नाय, पावणं," तो म्हणाला. "एका शब्दानं उलट बोलत नाय."

"मग ठरलं म्हना," पाहुणे म्हणाले.