बोट सुटली होती

सकाळी अकराच्या सुमारास ग्रीसमधल्या सीमी बेटावरच्या धक्क्याशेजारी, उथळ पाण्यात म्हाताऱ्यांचा अड्डा जमतो. डोक्यावर गवती टोप्या, पाणी गळ्यापर्यंत आणि तोंडं अखंड चालू. पोहत कुणीच नाही. एव्हान्थिया गेली वीस वर्षं तिथं उभी असते. तिच्या गुडघ्यांना खारं पाणी मानवतं.

त्या दिवशी शेजारीण अर्गिरो पाण्यात उतरली तीच बातमी घेऊन.

"तुझी बहीण आलीय. कालच्या बोटीनं."

"माझ्याकडे कुणी आलेलं नाही."

"हॉटेलात उतरलीय. परदेशी बाईसारखे बेकरीचे फोटो काढत होती."

धाकटी कल्लिरोई अथेन्सला असायची. बारा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तिनं फोनवर सांगितलं, वारा सुटलाय, बोटी बंद आहेत. पण पाद्र्याचा भाऊ त्याच दिवशीच्या अथेन्सच्या बोटीतून उतरून थेट दफनाला येऊन उभा राहिला. त्यानंतर एव्हान्थियानं बहिणीचा फोन कधी उचलला नाही.

थोड्या वेळानं कल्लिरोई स्वतःच पायऱ्या उतरून आली. जाड झाली होती, केस पांढरे. बायकांना एकदम पलीकडचं पाणी बरं वाटू लागलं आणि त्या तिकडे सरकल्या. अर्गिरो तेवढी ऐकू येईल इतपतच सरकली.

दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, समोर समुद्राकडे बघत. पाण्यावर ऊन चमचमत होतं.

"ताई, त्या दिवशी बोट सुटली होती," कल्लिरोई म्हणाली.

"ठाऊक आहे मला."

"बॅग घेऊन पिरेअस बंदराच्या धक्क्यावर उभी होते. आईला शवपेटीत बघायचं म्हणून पाय उचलेना. बोट दिसेनाशी झाली तरी उभीच होते."

बारा वर्षं एव्हान्थियाच्या डोळ्यांपुढे बहीण आपल्या घरी सोफ्यावर आरामात बसलेली असायची. बॅग घेऊन उन्हात उभी असलेली कधी दिसलीच नव्हती. राग गेला नाही, पण पूर्वीसारखा नीट धरताही येईना.

"आधी सांगायचंस."

"तू फोन उचलायचास."

एव्हान्थियानं टोपी डोळ्यांवर ओढली.

"आईनं शेवटी माझं नाव काढलं का गं?" कल्लिरोईनं हळूच विचारलं.

"काढलं. मी म्हटलं, येतेय, बोटीत बसलीय. तेवढ्यावर तिचं समाधान झालं."

कल्लिरोईनं ओंजळीनं तोंडावर पाणी मारलं. मग पुन्हा मारलं. एव्हान्थिया पायऱ्यांकडे वळली.

"टोमॅटो भरलेत. दोनला जेवायला ये."

"अजून पुदिना ढीगभर घालतेस?"

"नको असेल तर हॉटेलात गीळ."

पलीकडे अर्गिरो फिसकन हसली आणि खोकल्याचं सोंग केलं.

दोनला कल्लिरोई चढण चढून धापा टाकत आली. तीन टोमॅटो खाल्ले, चौथ्याचा भात चमच्यानं काढून घेतला. मग बोलता बोलता आईच्या खाटेवर कलंडली आणि तिला गाढ झोप लागली. तोंडावर ऊन येऊ नये म्हणून एव्हान्थियानं खिडकीची झडप लोटून घेतली आणि ती बाहेर उंबऱ्यावर येऊन बसली. अर्गिरो अंजिरांचं ताट घेऊन गल्लीतून येतच होती.

"काय झालं मग?" तिनं लांबूनच विचारलं.

"हळू बोल," एव्हान्थिया म्हणाली. "झोपलीय ती."